नियंत्रण-फलकावरील प्लास्टिक आवरण : पॉलिकार्बोनेट व पॉलिएस्टर यांच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना

धुलाई यंत्र, रुग्णालयातील सलाईन पंप, कारखान्यातील सीएनसी लेथ, प्रयोगशाळेतील वजनकाटा अशा असंख्य उपकरणांशी माणसाचा जो संबंध येतो, तो प्रत्यक्षात एका अत्यंत पातळ प्लास्टिकच्या थरामार्फत येतो. या थरावर अक्षरे, आकडे व चिन्हे छापलेली असतात. बोट तेथेच टेकते आणि यंत्र त्यापुढे काम करू लागते. व्यवसायात याला ‘ग्राफिक ओव्हरले’ म्हणतात, तर छोट्या कारखान्यांतून त्याला सरळ ‘स्टिकर’ म्हटले जाते. स्टिकर हा शब्द काहीसा अन्यायकारक आहे. वहीवर चिकटवण्याच्या नावाच्या चिठ्ठीला चार-सहा महिने टिकून राहिले तरी पुरते; यंत्राच्या फलकावरील आवरणाला मात्र तेल, घाम, जंतुनाशक, सूर्यप्रकाश आणि लाखो वेळा होणारा बोटाचा दाब हे सर्व सोसून वाचनीय राहावे लागते.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात यंत्राच्या अंतर्भागाला जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे त्याच्या दर्शनी भागाला मिळालेले नाही. इंजिन, झडपा, ट्रान्झिस्टर, मायक्रोप्रोसेसर यांचे इतिहास विपुल आहेत. परंतु ‘चालू’ आणि ‘बंद’ हे शब्द कशावर लिहिले गेले व ते पुसले गेले तर काय झाले, याची नोंद क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत निबंधात या आवरणासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन प्रमुख फिल्म, म्हणजे पॉलिकार्बोनेट आणि पॉलिएस्टर, यांच्या निवडीचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. ही निवड केवळ किमतीच्या हिशोबावर झालेली नाही. छापणाऱ्याला हवा असलेला गुण आणि वापरणाऱ्याला हवा असलेला गुण परस्परविरोधी होते, आणि या विरोधातून मार्ग काढताना साहित्य, शाई व यंत्ररचना या तिन्ही गोष्टी बदलत गेल्या.

कोरलेल्या अक्षरांचा काळ

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नियंत्रण-फलक म्हणजे लोखंडी पत्रा, त्यावर फिरवायची बटणे, खटके व दांडे, आणि प्रत्येकाच्या खाली स्क्रूने बसवलेली एक छोटी पाटी. पाटी पितळेची असे किंवा मुलामा दिलेल्या पत्र्याची. १९२७ मध्ये मँचेस्टरजवळील ट्रॅफर्ड पार्क येथील मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स या कंपनीने ‘ट्रॅफोलाइट’ हे साहित्य विकसित केले. फिनॉलिक रेझिनचे निरनिराळ्या रंगांचे थर एकावर एक दाबून केलेली ही पाटी होती. वरचा काळा थर कोरून काढला की खालचा पांढरा थर अक्षराच्या रूपाने दिसू लागे. येथे अक्षर हे रंगाचे नसून खोलीचे होते, त्यामुळे ते पुसले जाण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. जुन्या वीज उपकेंद्रांतून आणि जहाजांच्या इंजिनखोल्यांतून अशा पाट्या अनेक दशके वाचनीय राहिल्या.

या पद्धतीची मर्यादा श्रमाची होती. प्रत्येक अक्षर पँटोग्राफच्या साहाय्याने, साच्यावरून स्वतंत्रपणे कोरावे लागे. साचे रोमन लिपीचे असत. देवनागरीतील जोडाक्षरे, वेलांट्या, मात्रा या पद्धतीने कोरणे किती जिकिरीचे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. दहा पाट्यांच्या फलकासाठी कोरीवकाम परवडत असे; शंभर खुणांच्या फलकासाठी ते महाग पडे. रंग, रेषांनी जोडलेले आराखडे, दिव्याने उजळणारी चिन्हे यांना तर तेथे वावच नव्हता.

तथापि त्या जुन्या फलकाचा एक गुण नोंदवणे आवश्यक आहे. त्यावर हात न पाहता फिरू शके. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक उतरल्यानंतर पंखांच्या झडपांऐवजी चुकून चाके आत घेत असत. १९४३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्फान्स चॅपानिस यांनी यामागचे कारण शोधले. दोन्ही खटके शेजारी-शेजारी होते आणि स्पर्शाला सारखे लागत. त्यांनी सुचवलेला उपाय अतिशय साधा होता. चाकांच्या खटक्याला रबरी चाकाचा आकार आणि झडपांच्या खटक्याला पाचरीचा आकार देण्यात आला. वैमानिकाचा दोष म्हणून नोंदवली जाणारी चूक खटक्याच्या घडणीतच होती, हे त्यातून सिद्ध झाले. फलक पुढे सपाट झाला, तेव्हा स्पर्शाने ओळखण्याची ही सोय हरवली. ती परत मिळवण्याचे प्रयत्न आवरणाच्या इतिहासात वारंवार दिसतात.

दोन प्लास्टिकचा जन्म

पारदर्शक प्लास्टिकची फिल्म एकोणिसाव्या शतकापासून उपलब्ध होती. परंतु सेल्युलॉइड भयंकर ज्वालाग्राही होते. विजेच्या ठिणग्या उडणाऱ्या फलकावर ते लावणे धोक्याचे होते. सेल्युलोज ॲसिटेट तुलनेने सुरक्षित असले तरी ओलावा शोषून घेत असे. पीव्हीसी स्वस्त होते, पण उष्णतेने मऊ पडे. टिकाऊ फिल्मचा मार्ग मोकळा झाला तो दोन स्वतंत्र शोधांमुळे, आणि या दोन्ही शोधांच्या वेळी नियंत्रण-फलक कोणाच्याही मनात नव्हता.

पहिला शोध कापडाच्या धंद्यातून आला. मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये काम करणारे जॉन रेक्स व्हिनफिल्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन यांनी १९४१ मध्ये टेरेफ्थॅलिक आम्ल व इथिलीन ग्लायकॉल यांच्यापासून पॉलिएस्टर तयार केले. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या वॉलेस कॅरोथर्स यांनी त्याआधी पॉलिएस्टरचा अभ्यास केला होता. पण त्यांनी हाताळलेली पॉलिएस्टर कमी तापमानाला वितळत असल्याने ते नायलॉनकडे वळले. टेरेफ्थॅलिक आम्लातील कडक वलयाने हा दोष दूर केला. त्यातून ब्रिटनमध्ये ‘टेरिलीन’ धागा आला. भारतात टेरिलीनचा शर्ट हे एका पिढीच्या प्रतिष्ठेचे लक्षण ठरले. त्याच द्रव्याची फिल्म ड्यूपाँटने १९५० च्या दशकाच्या आरंभी ‘मायलार’ या नावाने आणि ब्रिटनच्या आयसीआयने ‘मेलिनेक्स’ या नावाने बाजारात आणली.

या फिल्मचे बळ तिच्या ताणण्यात आहे. वितळलेले पॉलिएस्टर पत्र्यासारखे बाहेर काढून थंड करतात, मग ते लांबीच्या व रुंदीच्या अशा दोन्ही दिशांना सुमारे तीन-तीन पट ताणतात आणि ताणलेल्या स्थितीतच उष्णता देऊन स्थिर करतात. त्यामुळे रेणूंच्या साखळ्या फिल्मच्या पातळीत पसरून बसतात आणि अंशतः स्फटिकरूप होतात. १२ ऑगस्ट १९६० रोजी अवकाशात सोडलेला ‘एको-१’ हा सुमारे ३० मीटर व्यासाचा फुगा याच फिल्मचा होता. तिची जाडी मिलिमीटरच्या ऐंशीव्या भागाएवढी होती. एवढ्या पातळ फिल्मने एवढा आकार धरला, यावरून तिच्या ताकदीची कल्पना येते.

दुसरा शोध १९५३ चा. जर्मनीतील युर्डिंगेन येथे बायर कंपनीचे हर्मन श्नेल आणि अमेरिकेतील स्कनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स हे एकमेकांना ठाऊक नसताना एकाच द्रव्यापाशी पोहोचले. फॉक्स तारांवर देण्याच्या विद्युतरोधक लेपाचा शोध घेत होते. पात्रात तयार झालेला पदार्थ इतका घट्ट झाला की तो ढवळण्याच्या दांडीसह बाहेर काढावा लागला, आणि ठोकूनही तो फुटेना. हेच पॉलिकार्बोनेट. वस्तुतः आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी १८९८ मध्येच अशा प्रकारची द्रव्ये मिळवली होती. पण त्या काळी त्यांचा उपयोग कोणाला सुचला नाही. दोन्ही कंपन्यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केले, पुढे अग्रहक्क बायरकडे गेला आणि जनरल इलेक्ट्रिकने परवान्यावर उत्पादन केले. ‘माक्रोलॉन’ आणि ‘लेक्सान’ ही दोन व्यापारी नावे या समझोत्यातून शेजारी-शेजारी वाढली. कालांतराने दोन्ही मूळ कंपन्या या व्यवसायातून बाहेर पडल्या. जनरल इलेक्ट्रिकचा प्लास्टिक विभाग २००७ मध्ये सौदी अरेबियाच्या साबिक कंपनीने विकत घेतला, तर बायरचा विभाग २०१५ मध्ये ‘कोव्हेस्ट्रो’ या नावाने स्वतंत्र झाला.

पॉलिएस्टर फिल्ममध्ये रेणूंची शिस्तबद्ध मांडणी असते, तर पॉलिकार्बोनेटमध्ये तशी मांडणी नसते. रसायनशास्त्राच्या भाषेत ते अस्फटिक आहे. या एका भेदातून पुढील सर्व इतिहास उलगडतो.

पाठीमागून छपाई

प्लास्टिकवर चिन्हे उमटवण्याचे साधन होते स्क्रीन प्रिंटिंग. सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले, तेही मँचेस्टरमध्येच. छपाईची पद्धत, कोरीव पाटीचे साहित्य आणि पॉलिएस्टर या तिन्ही गोष्टी लँकेशायरच्या एकाच औद्योगिक परिसरात निर्माण झाल्या, हा योगायोग नसावा. कापडावर नक्षी छापणाऱ्या गावांना रंग, रसायन आणि पृष्ठभाग यांचे ज्ञान पिढीजात होते.

चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रबरी पट्टीने शाई दाबून खाली उतरवणे, एवढेच या पद्धतीचे तत्त्व. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका अशाच चौकटीवर छापल्या जात. यंत्राच्या आवरणासाठी मात्र एक कल्पना निर्णायक ठरली : चिन्हे फिल्मच्या दर्शनी बाजूवर न छापता पाठीमागे, आरशातल्यासारखी उलटी छापायची. प्रथम अक्षरे, मग त्यामागचे रंग, शेवटी अपारदर्शक पार्श्वभूमी आणि तिच्यामागे चिकट थर. अशा रीतीने बोट शाईला कधीच स्पर्श करत नाही. झिजते ती फिल्म, अक्षर नव्हे. ट्रॅफोलाइटमध्ये अक्षर खोलीमुळे सुरक्षित होते, येथे ते काचेआडच्या तसबिरीसारखे सुरक्षित झाले. शिवाय साचा कोरायचा नसल्याने कोणतीही लिपी, कोणतेही चित्र सारख्याच खर्चात छापता येऊ लागले. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १९७३ मध्ये उपकरणांवरील चिन्हांचे मानक प्रसिद्ध केले. चिन्हांच्या या सार्वत्रिक लिपीला छापील फिल्मइतके अनुकूल माध्यम दुसरे नव्हते.

आता शाई कशाला धरते, हा प्रश्न आला. त्या काळच्या शाईत तीव्र द्रावके असत. पॉलिकार्बोनेटचा पृष्ठभाग अशा द्रावकाने किंचित मऊ होतो. शाई त्यात रुतते आणि सुकल्यावर एकजीव होते. पॉलिएस्टर बहुतेक द्रावकांना दाद देत नाही, त्यामुळे शाई त्यावर केवळ टेकून राहते आणि चिकटपट्टी लावून ओढली की पापुद्र्यासारखी निघते. पॉलिकार्बोनेट काचेसारखे स्वच्छ, ठशाने कापायला सोपे आणि सुकवण्याच्या भट्टीतही मापात राहणारे होते. ताणून तयार केलेली पॉलिएस्टर फिल्म मात्र गरम होताच आपल्या मूळ आकाराकडे परतू पाहते, म्हणजे आकसते. सहा रंग सहा वेळा छापून सहा वेळा सुकवायचे असतील, तर केसभर आकसणेही एका रंगाला दुसऱ्यावरून सरकवते. छापखान्याने पॉलिकार्बोनेटच्या बाजूने कौल दिला यात नवल नाही. सुमारे पाव मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेट फिल्म हे दीर्घकाळ या व्यवसायाचे स्वाभाविक साहित्य राहिले. पुढे ज्वालारोधक पॉलिकार्बोनेट फिल्म आल्यावर विद्युत उपकरणांत तिचे स्थान अधिकच पक्के झाले.

परंतु शाईच्या द्रावकाला जो पृष्ठभाग वश होतो, तो कारखान्यातील व रुग्णालयातील द्रावकांनाही वश होतो. ॲसिटोन, टोल्युइन, क्लोरीनयुक्त द्रावके यांच्या संपर्कात पॉलिकार्बोनेट धुरकट होते. ताणाखाली असेल तर त्याला बारीक तडे जातात. ज्या गुणासाठी छपाईवाल्याने ते निवडले, तोच गुण वापरणाऱ्याच्या हाती गेल्यावर दोष ठरला.

फिल्म हलू लागली

हा दोष सुरुवातीस फारसा जाणवला नाही, कारण आवरण स्थिर होते. खटके व दिवे त्यातील भोकांतून बाहेर येत आणि आवरण केवळ नावे सांगे. १९७० च्या दशकात परिस्थिती बदलली. मायक्रोप्रोसेसर आल्यावर बटणाला जड विद्युतप्रवाह तोडण्याजोडण्याचे काम उरले नाही. क्षणभराचा सूक्ष्म संकेत पुरेसा झाला. मग दोन फिल्मवर चांदीच्या शाईने मंडले छापायची, त्यांच्यामध्ये भोके असलेला तिसरा थर ठेवायचा आणि वरून दाब पडला की दोन्ही मंडले टेकतील अशी रचना करायची, एवढ्यात खटका तयार होऊ लागला. हाच मेम्ब्रेन स्विच. त्याच्या सर्वात वरच्या थराची, म्हणजे आवरणाची, भूमिका यामुळे मूलतः बदलली. जे केवळ वाचायचे होते, ते आता दाबायचे झाले. प्रत्येक दाबाबरोबर फिल्म वाकते आणि पुन्हा सरळ होते.

घरगुती संगणकांनी ही रचना सामान्य माणसापर्यंत नेली. १९७९ चा अटारी ४०० मुलांच्या हाती जाणार म्हणून त्याचा कळफलक पूर्ण सपाट आणि सांडलेल्या पेयाला न जुमानणारा ठेवला होता. ब्रिटनमध्ये सिंक्लेअरचा झेडएक्स-८० हा १९८० मध्ये १०० पौंडांहून किंचित कमी किमतीत आला आणि १९८१ चा झेडएक्स-८१ तर ७० पौंडांच्या आत मिळू लागला. एवढी किंमत खाली येण्यास सपाट छापील कळफलक हे एक महत्त्वाचे कारण होते. त्यावर टंकलेखन करणे मात्र शिक्षाच होती, असे त्याचे वापरकर्ते सांगत. कळ दाबली गेली की नाही हे बोटाला कळत नसे, पडद्याकडे पाहूनच खात्री करावी लागे. चॅपानिस यांच्या वैमानिकांची अडचण येथे नव्या रूपात परतली होती.

त्यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे आवरणाखाली धातूची छोटी घुमटी ठेवणे, जी दाबताच ‘टक्’ करून आत जाते. दुसरा म्हणजे आवरणावरच बटणाची कड किंवा संपूर्ण बटण उठावाने घडवणे. या उठावाच्या कामात दोन्ही फिल्मचा स्वभाव पुन्हा समोर आला. पॉलिकार्बोनेट सहज उठाव घेते आणि तो राखते; पण उठावाच्या कडेपाशी सतत वाकल्याने ते थकते आणि तेथे तडा जातो. पॉलिएस्टर उठाव घेताना हट्ट करते, त्याला उष्णता व जोर दोन्ही द्यावे लागतात. पण एकदा वळले की दीर्घकाळ थकत नाही. पॉलिकार्बोनेट सुमारे लाखभर दाबांपर्यंत आणि पॉलिएस्टर दहा लाखांच्याही पुढे, असा ठोकताळा या व्यवसायात रूढ झाला. वर्षातून चार वेळा वापरायच्या चाचणी-उपकरणाला या आकड्यांनी काही फरक पडत नाही. दिवसाला दोनशे वेळा दाबले जाणारे ‘स्टार्ट’चे बटण मात्र दीड वर्षाच्या आतच लाखाची मर्यादा ओलांडते.

वाचनीयतेचे मोल

फलकावरील खूण दिसली नाही तर काय होऊ शकते, याचे गंभीर उदाहरण याच काळातले आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुविद्युत केंद्रात अपघात झाला. आणीबाणीच्या पाणीपुरवठ्याच्या दोन झडपा बंद राहिल्या होत्या आणि त्या बंद असल्याचे दाखवणारे दिवे फलकावर होते. चौकशी आयोगाच्या अहवालानुसार त्यांपैकी एक दिवा देखभालीच्या पिवळ्या चिठ्ठीने झाकला गेला होता. झडपा बंद असल्याचे ध्यानात येण्यास आठ मिनिटे लागली. दुसऱ्या एका महत्त्वाच्या झडपेचा दिवा तर झडप मिटली की नाही हे न सांगता, केवळ मिटण्याचा आदेश गेला एवढेच सांगत होता. अपघाताची कारणे अनेक आणि गुंतागुंतीची होती. तो एका चिठ्ठीने घडला असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. परंतु त्यानंतर अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने १९८१ मध्ये नियंत्रण-कक्षांच्या पुनर्तपासणीसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात नामपट्ट्यांची जागा, अक्षरांचा आकार व टिकाऊपणा यांचा सविस्तर विचार केलेला आहे. पाटी हा सजावटीचा भाग न राहता सुरक्षेचा भाग म्हणून कागदोपत्री मान्य झाला.

रुग्णालयांत हाच प्रश्न अधिक शांतपणे उभा राहिला. औषधाची मात्रा ठरवणाऱ्या पंपाचा फलक दर पाळीला जंतुनाशकाने पुसला जातो. रुग्णाच्या रक्षणासाठी केलेली ही पुसणी फिल्मवर रोज थोडा थोडा आघात करत असते. दशांशचिन्हाचे बटण धुरकट झाले, तर परिचारिकेला ते अंदाजाने दाबावे लागते. येथे पॉलिकार्बोनेटची बाजू लंगडी पडली.

पॉलिएस्टरचे पुनरागमन

पॉलिएस्टरवर शाई टिकत नव्हती आणि ते भट्टीत आकसत होते, या दोन अडचणी दूर होताच चित्र पालटले. पहिलीसाठी उत्पादकांनी फिल्मच्या पाठीवर शाई धरणारा अस्तर-लेप कारखान्यातच देण्यास सुरुवात केली. दुसरीसाठी फिल्म विकण्यापूर्वीच ती गरम करून, तिचे आकसणे उरकून घेण्यात येऊ लागले. अतिनील प्रकाशाने क्षणार्धात सुकणाऱ्या शाया आल्यावर भट्टीची गरजही कमी झाली. दर्शनी बाजूवर अतिनील प्रकाशाने कडक होणारा, बारीक दाणेदार लेप देण्याची युक्ती याच मालिकेतली. या लेपाने चकाकी मारली, ओरखडे लपवले आणि रसायनांना आणखी एक अडथळा उभा केला. या क्षेत्रात ज्या कंपनीचे नाव रूढ झाले ती ब्रिटनची ऑटोटाइप. तिचा आरंभ १८६८ च्या सुमारास छायाचित्रांच्या कार्बन छपाईतून झाला होता. न फिकटणारे चित्र देण्याचा तिचा मूळ व्यवसाय शतकानंतर न पुसणाऱ्या फलकापर्यंत पोहोचला.

दाणेदार लेपाने एक नवी अडचण निर्माण केली. आकडे दाखवणाऱ्या खिडकीपुढेही तोच धुरकटपणा येऊ लागला. मग तेवढ्या चौकोनावर पारदर्शक वार्निश छापून दाणे बुजवण्याची पद्धत निघाली. उपायाने निर्माण केलेल्या दोषावर दुसरा उपाय, हा क्रम तंत्रज्ञानाच्या इतिहासात नवा नाही.

तरीही पॉलिकार्बोनेट हद्दपार झाले नाही. जेथे फलक दाबायचा नसून वाचायचा आहे, जेथे मोठी पारदर्शक खिडकी हवी आहे, जेथे आगीचे नियम कडक आहेत किंवा नग थोडे आहेत, तेथे त्याची निवड आजही योग्य ठरते. उन्हाच्या बाबतीत तर दोघेही सारखेच दुबळे आहेत. अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा लेप नसेल, तर दोन्ही फिल्म पिवळ्या पडतात व ठिसूळ होतात. शेतातील पंपाच्या स्टार्टरपेटीसारख्या उघड्यावरच्या उपकरणासाठी ‘पॉलिएस्टर की पॉलिकार्बोनेट’ यापेक्षा ‘लेपासह की लेपाविना’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. स्वस्ताईच्या नादात नेमका तोच विचारला जात नाही.

महाराष्ट्रातील दोन संदर्भ

भारतात पॉलिएस्टर फिल्मच्या उत्पादनाशी गरवारे हे नाव निगडित आहे. तासगावच्या भालचंद्र दिगंबर तथा आबासाहेब गरवारे यांच्या उद्योगसमूहातील १९५७ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने पुढे पॉलिएस्टर फिल्मचे उत्पादन हाती घेतले. औरंगाबादजवळील (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा व वाळूज येथे तिचे कारखाने उभे राहिले. मराठवाड्यासारख्या शेतीप्रधान विभागात दोन्ही दिशांना फिल्म ताणणारी अजस्र यंत्रे चालू होणे ही त्या विभागाच्या औद्योगिक इतिहासातील लक्षणीय घटना होय.

दुसरा संदर्भ मतदान यंत्राचा. इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राची बाह्यघडण मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील प्राध्यापकांनी केली. केरळमधील परूर मतदारसंघात मे १९८२ मध्ये ५० मतदान केंद्रांवर यंत्राचा प्रथम वापर झाला. कायद्यात तरतूद नसल्याने १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरवली. डिसेंबर १९८८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व ५४३ मतदारसंघांत यंत्रे वापरली गेली. या यंत्राच्या फलकापुढील पेच वेगळाच होता. येथे नावे व चिन्हे कायमची छापता येत नाहीत, कारण प्रत्येक मतदारसंघात आणि प्रत्येक निवडणुकीत ती बदलतात. यावर काढलेला मार्ग असा की, बटणे, दिवे व क्रमांक कायमचे आणि उमेदवारांची नावे कागदावर. हा कागद पारदर्शक आवरणाखाली सरकवून मोहोरबंद केला जातो. प्रत्येक यंत्रावर १६ बटणे असून त्यांच्या शेजारी ब्रेल आकडे दिले जातात. सपाट फलकावर दृष्टिहीन व्यक्तीला काहीच सापडत नाही, ही गोष्ट घरगुती उपकरणांच्या उत्पादकांनी दीर्घकाळ मनावर घेतलेली नाही. छापील फिल्मवर चार ठिपके उठावाने घेण्यास खर्च नगण्य येत असूनही बहुतेक मायक्रोवेव्ह ओव्हनचे फलक आजही दृष्टिहीनांसाठी कोरी पाटी आहेत. पॉलिकार्बोनेट असो वा पॉलिएस्टर, ठिपका घेण्याची क्षमता दोघांतही आहे. ती वापरायची की नाही, हे साहित्य ठरवत नाही.

काच आणि परतीचा प्रवास

एकविसाव्या शतकात स्पर्शपटलाच्या काचेने फिल्मची बरीच जागा घेतली. काचेवर उठाव नसतो आणि चिन्हे क्षणाक्षणाला बदलू शकतात. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकन नौदलाच्या ‘जॉन एस. मॅक्केन’ या विनाशिकेची सिंगापूरजवळ तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन १० नौसैनिक मृत्युमुखी पडले. सुकाणू व गती यांचे नियंत्रण स्पर्शपटलावर असताना कोणते नियंत्रण कोणाकडे आहे, याबाबत कर्मचाऱ्यांचा गोंधळ उडाला होता. त्यानंतर २०१९ मध्ये नौदलाने अशा जहाजांवर गतीसाठी पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवण्याचा निर्णय जाहीर केला. मोटारींच्या बाबतीत युरोपातील ‘युरो एनकॅप’ या सुरक्षा-मूल्यांकन संस्थेने २०२६ पासून वळण-दिवा, धोका-दिवा, भोंगा, वायपर यांसारख्या कामांसाठी हाताला लागणाऱ्या नियंत्रणांना गुण देण्याचे ठरवले.

कारखान्यांत आणि रुग्णालयांत छापील फिल्म अद्याप टिकून आहे. हातमोजे घातलेल्या, तेलाने माखलेल्या किंवा घाईत असलेल्या हाताला ती काचेपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते, हे त्याचे एक कारण. मात्र तिच्या निवडीचे शेवटचे प्रकरण अजून लिहिले गेलेले नाही. शुद्ध पॉलिएस्टर वितळवून पुन्हा वापरता येते. परंतु शाई, चांदीचा थर, लेप आणि चिकट पदार्थ एकवटलेली ही फिल्म यंत्र भंगारात गेल्यावर कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. भंगारवाला पत्रा, तांबे आणि मोटर काढून घेतो. फलकाचे आवरण सोलून बाजूला टाकतो. त्यावर ‘स्टार्ट’चा हिरवा गोल तेवढा बोटाच्या आकारात झिजलेला असतो, बाकीची अक्षरे नव्यासारखी असतात.